मेल्या म्हशीला मणभर दूध: ब्रेकवाले ड्रमर आणि रेकॉर्डी खोदणारे

तबकडीखोर (धागाकर्ता)

मार्च २०२५ मध्ये व्हायब्राफोनवादक रॉय एअर्स वयाच्या ८४ व्या वर्षी गेले, तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात होतं. त्या दिवशी त्यांचं 'एव्हरीबडी लव्ह्ज द सनशाइन' हे गाणं मला इतक्या जणांनी पाठवलं, की त्यातल्या निम्म्यांनी व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) कधी पाहिलासुद्धा नसेल. पाठवू देत, तक्रार नाही. पण मेल्या म्हशीला मणभर दूध ही खोड फक्त आपलीच नाही, हे हिपहॉपच्या नादी लागल्यावर कळलं.

एअर्स त्यातल्या त्यात नशीबवान. १९९३ मध्ये रॅपर गुरूने 'जॅझमटॅझ'साठी त्यांना आणि ट्रम्पेटवाल्या डोनल्ड बर्डना स्टुडिओत बोलावून घेतलं. २०२० मध्ये एड्रियन यंग आणि अली शहीद मुहम्मद यांच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, त्यांच्याबरोबर नवा अल्बम काढला. लेबलचं नाव 'जॅझ इज डेड' आणि उद्योग काय, तर हयात असलेल्या म्हाताऱ्यांना गाठून वाजवतं करण्याचा!

क्लाइड स्टबलफील्डच्या वाट्याला असं काही आलं नाही. हा फंक गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर. २० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' रेकॉर्ड झालं. गाणं तसं सैलच आहे, नुसता जॅम. शेवटाकडे ब्राउन सगळ्यांना थांबवतो, ड्रमरला वाजवू द्या म्हणतो, आणि पुढचे आठ बार (आवर्तनं) क्लाइड एकटा. यालाच ब्रेक म्हणतात. उजवा हात हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) न थांबता चालू आहे, आणि डाव्या हाताची काठी दोन ठोक्यांच्या मधे स्नेअरवर इतक्या बारीक टिचक्या मारते की हेडफोन लावल्याशिवाय त्या धड ऐकूही येत नाहीत. पण त्या काढल्या तर तालातला जीवच जातो. रेकॉर्ड १९७० मध्ये आली आणि मागे पडली. १९८६ मध्ये 'इन द जंगल ग्रूव्ह' या संकलनात गाणं पूर्ण लांबीचं आलं आणि सॅम्पलरवाल्यांना, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा (सॅम्पल) यंत्रात कापून नव्या गाण्यात वापरणाऱ्यांना, घबाड सापडलं. पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर', एलएल कूल जेचं 'मामा सेड नॉक यू आउट', मग शेकडो.

क्लाइडला मिळाली ती वाजवल्याची बिदागी. गाण्यावर नाव एकट्या ब्राउनचं. क्लाइड पुढे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहायला गेला, तिथे वर्षानुवर्षं सोमवारी रात्री क्लबात वाजवायचा. २००० साली कर्करोग झाला तेव्हा सुमारे ९० हजार डॉलरचं बिल प्रिन्सने गुपचूप भरलं. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर ते जगाला कळलं. पैसे मिळाले तर हवेतच, पण त्याआधी निदान नाव तरी द्या, असं क्लाइड मुलाखतीत सांगायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो गेला आणि मे महिन्यात तिथल्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

आता मूळ मुद्दा. अशा लोकांना रेकॉर्ड खोदणाऱ्यांनी, म्हणजे जुन्या तबकड्या उपसून असे तुकडे शोधणाऱ्यांनी, उजेडात आणलं असं आपण म्हणतो. मला हे अर्धंच पटतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूला ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून हिपहॉपचं वय मोजतात, ती वाजवणारा डीजे कूल हर्क. नाचणारी पोरं गाण्यातल्या ड्रमच्या तुकड्याची वाट बघतात हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा आलटूनपालटून लांबवायला लागला. आणि ती रेकॉर्ड कुठली हे दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून तिच्यावरचं कागदी लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढायचा. सल्ला वडिलांचा! म्हणजे प्रेम होतं ते तबकडीवर. वाजवणाऱ्याचं नाव लपवणं हा तर धंद्याचाच भाग होता.

मग या खोदणाऱ्यांचं ऋण मानायचं, की त्यांना जाब विचारायचा?

---

आळशी_वाचक

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

---

शंकासुर

जाब कसला विचारताय? चोरी ती चोरी. दुसऱ्याने घाम गाळून वाजवलेलं उचलायचं, त्यावर शिव्या म्हणायच्या आणि वर संस्कृती म्हणून मिरवायचं. आमच्याकडे पखवाज शिकायला गुरूच्या घरी पाणी भरावं लागायचं.

---

खटारा१२००

शंकासुर, शिव्यांचं राहू द्या, पण 'उचलायचं' हे तुम्हाला फारच सोपं वाटतंय.

१९८७ मध्ये आलेलं ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर यंत्र घ्या. अख्ख्या यंत्रात सॅम्पलला जागा दहा सेकंद. मग मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी ४५ वर फिरवून भरभर आत घ्यायची आणि आत गेल्यावर तिचा वेग उतरवायचा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. या उतरवण्यात आवाज थोडा खरबरीत होतो. नव्वदीतल्या न्यूयॉर्कच्या रेकॉर्डींचा जो मळकट आवाज आहे, त्यात या कंजूषीचा मोठा वाटा.

आणि खोदणं म्हणजे काय, तर दुकानाच्या तळघरात गुडघे टेकून खोक्यांमागून खोकी उपसायची. दुपारपर्यंत बोटं काळी. कव्हर उलटं करून साल बघायचं, लेबल बघायचं, आणि ड्रमवर कोण आहे ते बघायचं. मग रेकॉर्ड उजेडात तिरपी धरायची. जिथे वाद्यं कमी होतात तिथल्या खाचा काळपट दिसतात, सुई तिथे टाकायची. सांगायचा मुद्दा, खोदणाऱ्याला वादकाचं नाव आधी पाठ असतं. बर्नार्ड पर्डी, आयड्रिस मुहम्मद ही नावं मला कुठल्या जॅझ समीक्षकाने शिकवली नाहीत, रॅपच्या प्रोड्यूसरांनी शिकवली. तबकडीखोर, हर्कने लेबलं काढली हे खरं. पण ती एका पिढीची गोष्ट झाली. पुढच्या पिढीने कव्हरवरचा बारीक टाइप वाचून वाचून डोळे घालवले.

---

तबकडीखोर

खटारा, पाठ असलेल्या नावाला पैसे किती पोचले? तेवढं सांग.

---

कलमबहाद्दर

पैसे का पोचत नाहीत ते सांगतो, म्हणजे नुसती हळहळ होणार नाही.

रेकॉर्डवर हक्क दोन. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द. तो गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तो बहुतेक वेळा कंपनीकडे. सॅम्पल रीतसर घ्यायचं तर दोन्ही दारं ठोठवावी लागतात, आणि रोजावर बोलावलेला ड्रमर दोन्ही दारांच्या बाहेर उभा. ड्रमचा ठेका 'रचना' म्हणून सहसा कुणी नोंदवतच नव्हतं.

शंकासुरांच्या आनंदासाठी: १९९१ मध्ये गिल्बर्ट ओसलिव्हनचं गाणं वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्की न्यूयॉर्कच्या न्यायालयात हरला, आणि न्यायाधीशाने निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्यानंतर परवानगीशिवाय सॅम्पल वापरायची कंपन्यांची छाती होईना. फुकटात सॅम्पलचा जो थर चढवता यायचा त्याची किंमत आकाशाला भिडली. पण हे सगळे पैसे गेले हक्क ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे. क्लाइडला या निकालाने दमडी मिळाली नाही. तेव्हा चोर पकडला म्हणून मालकाचं भलं झालं असेल, वाजवणाऱ्याचं नाही.

---

जर्सीवाली

कलमबहाद्दर, याचं सगळ्यात कडू उदाहरण विन्स्टन्स हा बँड. १९६९ ची त्यांची 'कलर हिम फादर' तुफान चालली, ग्रॅमीही मिळालं. तिच्या मागच्या बाजूला जागा भरायला म्हणून टाकलेलं 'आमेन, ब्रदर'. त्यात ग्रेगरी कोलमनचा चार बारांचा एकटा ड्रम, जेमतेम सात सेकंद. १९८६ नंतर तो डीजेंसाठी काढलेल्या संकलनातून पसरला, रॅपमध्ये गेला, आणि इंग्लंडमध्ये तर जंगल, ड्रम अँड बेस ही अख्खी घराणी त्या सात सेकंदांवर उभी राहिली. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत गेला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर हक्कधारक, पण त्यालाही काही मिळालं नव्हतं. २०१५ मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढून त्याला २४ हजार पौंड दिले. म्हणजे दिले ते कुणी, तर वापरणाऱ्यांनीच. कोर्टाने नाही, कंपनीने नाही. स्पेन्सर २०२० मध्ये गेला, निदान ते पैसे हातात घेऊन गेला.

इथल्या रेकॉर्ड मेळ्यांना मी नवऱ्याबरोबर नाइलाजाने जायला लागले, आता तोच नाइलाजाने येतो. तिथले काही जुने विक्रेते अजून रेकॉर्डच्या लेबलवर कोरा गोल कागद चिकटवून वाजवतात. आवडलं तर आधी पैसे, मग नाव. मला हे चीड आणणारं वाटतं. पण त्याच मेळ्यात एका टेबलावर ईएसजीची १९९२ ची रेकॉर्ड होती. ब्रॉन्क्सच्या स्क्रॉगिन्स बहिणींचा बँड. त्यांचं 'यूएफओ' कुणी कुणी वापरलं याची यादी संपणार नाही. बायांनी वैतागून रेकॉर्डचं नावच ठेवलं 'सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स'. तबकडीखोर, तुमचा क्लाइड म्हणतो नाव तरी द्या, या म्हणतात नावाने बिलं भागत नाहीत. मी बहिणींच्या बाजूने.

---

शेलॅककाका

उशिरा येतोय. मी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) तबकड्यांचा माणूस, रॅप मला कळत नाही, पण विषय ओळखीचा आहे.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं मुद्रण झालं. तेव्हा मूळ साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथे छपाई व्हायची. तिथल्या माणसाला हे गाणं कुणाचं हे कसं कळणार? म्हणून बाई गाणं संपताना खणखणीत आवाजात 'माय नेम इज गौहर जान' म्हणायच्या. आमच्या पुण्याच्या सुंदराबाईंसारख्या इतरांच्याही तबकड्यांवर अशी नावं ऐकू येतात. नाव असं तबकडीतच कोरलेलं असल्यावर हर्कने कितीही लेबलं भिजवली तरी उपयोग नव्हता!

पण सारंगीवाला? तबलजी? त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली, सुरेश चांदवणकरांनी 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचं नियतकालिक चालवलं. त्यातून गायकांच्या, कंपन्यांच्या याद्या लागल्या, ते फार मोठं काम झालं. साथीदार मात्र आम्हालाही अंदाजानेच ओळखावे लागतात.

सिनेमातही तेच. पडद्यामागे गोव्याची माणसं. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या किती गाण्यांचं वाद्यवृंदसंयोजन केलं, पण लोकांना नाव विचारा. अँथनी गोन्साल्विस म्हणजे तर गंमतच. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचं नाव गाण्यातच घातलं, देशभर पोरं ते ओरडत फिरली. कुणाला वाटलं हा खरा माणूस आहे? ते पुढे २०१२ पर्यंत हयात होते, गोव्यातच.

---

आळशी_वाचक

काका, हे माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं ते नाव अंड्यातून बाहेर आलेल्या अमिताभचंच समजत होतो.

---

खटारा१२००

काका, जबरदस्त.

आता हयातीत दखल घेतल्याची दोन उदाहरणं, म्हणजे धागा फक्त तेराव्याचा होणार नाही.

एक, ब्राझीलचा आर्थर व्हेरोकाय. रिओचा संयोजक. १९७२ मध्ये स्वतःच्या नावाचा एकच अल्बम केला, तो आपटला. माणूस जाहिरातींच्या जिंगल करायला लागला. तीस वर्षांनी खोदणाऱ्यांना तो अल्बम सापडला, एमएफ डूम आणि लिटल ब्रदर या रॅपवाल्यांनी सॅम्पल केला, २००३ मध्ये नव्याने छापला गेला. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद जमवून तो अल्बम व्हेरोकायनी रंगमंचावर सादर केला. २०२१ मध्ये कॅनडाच्या बॅडबॅडनॉटगुड बँडने त्यांच्याकडून तंतुवाद्यांचं संयोजन करून घेतलं. सॅम्पल नाही, मजुरी देऊन नवं काम.

दोन, आपल्या मुंबईचे चरणजित सिंग. सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, बेस, सिंथ वाजवणारे. १९८२ मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-८०८ (ड्रम) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, एचएमव्हीने काढले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात एडो बौमन नावाच्या डच खोद्याला ती एलपी मिळाली. त्याने मुंबईत येऊन यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा छापली. ज्याला जग शिकागोचं ॲसिड हाउस (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) म्हणतं, ते तिथे व्हायच्या कितीतरी आधी हा माणूस भैरव-कलावती त्याच यंत्रांवर वाजवून बसला होता. मग सत्तरी ओलांडल्यावर युरोपात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये गेले.

---

तबकडीखोर

चरणजित सिंगांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, खटारा. २००२ मध्ये ते मुंबईतच होते, फोन उचलत होते. आपल्याकडे चोरबाजारात मटण स्ट्रीटला रेकॉर्डींचे ढीग, काळा घोड्याला २०१६ पर्यंत ऱ्हिदम हाउस उघडं, आणि शोधायला यावं लागलं ते हॉलंडहून. आपण ती एलपी हातात घेऊन परत ठेवली असणार.

आणि डोरोथी ॲश्बीचं काय? हार्पवर जॅझ वाजवणारी बाई, १९६८ चा 'ॲफ्रो-हार्पिंग'. तिला रॅपवाल्यांनी डोक्यावर घेतलं तोवर ती १९८६ मध्ये गेलीसुद्धा.

---

शंकासुर

इतकं वाचल्यावर एक विचारतो. वाद्यवाल्याला बोलावून वाजवून घेणं हा सरळ मार्ग होता ना? मग रेकॉर्ड कापायची गरजच काय?

---

खटारा१२००

बोलावतात की. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टने १९९१ च्या 'द लो एंड थिअरी'त माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेले रॉन कार्टर यांना बेस वाजवायला बोलावलं. कार्टरनी अट घातली की माझ्या गाण्यात शिवराळपणा चालणार नाही. पाळली! शंकासुर, हे एक गाणं तुम्ही बिनधास्त ऐका: 'व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट'.

पण कापण्याची गरज विचाराल, तर सोळाव्या वर्षी कोणाकडे रॉन कार्टरना द्यायला पैसे असतात? आणि बोलावल्यावर जुना आवाज येत नाही. ती खोली, तो माइक, त्या दिवसाची ती ड्रमची कातडी परत मिळत नाही.

---

जर्सीवाली

तबकडीखोर, तुम्ही हर्कला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत म्हणून सांगते. २०११ मध्ये हर्क आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता. उपचारांसाठी लोकांकडे मदत मागायची वेळ आली. तोवर हिपहॉपने किती कोट्यधीश तयार केले होते बघा. पार्टी वाजवणाऱ्याला हक्क नाही, ड्रम वाजवणाऱ्याला नाही. दोघं एकाच रांगेत.

प्रोड्यूसर जे डिलाचंही तेच. रुग्णालयात छोटा प्लेअर आणि यंत्र उशाशी घेऊन काम केलं. 'डोनट्स' हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला, बत्तिसाव्या वाढदिवशी आला, आणि १० ला तो गेला. आज त्याची एमपीसी (सॅम्पल करायचं यंत्र) वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात काचेआड आहे. मागे आईच्या डोक्यावर उपचारांचं कर्ज राहिलं होतं. टी-शर्ट मात्र जगभर खपले.

---

आळशी_वाचक

आपल्या एखाद्या गाण्याचं असं कधी झालंय का? म्हणजे अमेरिकेत उचललं आणि भांडण झालं.

---

कलमबहाद्दर

झालंय. १९८१ च्या 'ज्योति' सिनेमातलं लतादीदींचं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. अमेरिकेतला रॅप प्रोड्यूसर डीजे क्विकने ते टीव्हीवर ऐकलं आणि २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह'मध्ये जवळजवळ अख्खं फिरवलं. गाणं अमेरिकेत गाजलं. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की बप्पीदांचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. हे त्यांच्या हयातीत झालं, म्हणजे तुमच्या धाग्यात बसतं.

---

शेलॅककाका

आणि त्यावर ढोलक कोणी वाजवला?

---

कलमबहाद्दर

काका, तिथेच घोडं अडतं. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला, व्यावसायिक वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आला, आणि कायद्याच्या व्याख्येत वादकही 'कलाकार'च आहे. पण हक्क सांगायला आधी मीच वाजवलंय हे दाखवावं लागतं. जुन्या सिनेमाच्या रेकॉर्डींवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. कागद नाही तर दावा कशाच्या जोरावर करणार?

---

शेलॅककाका

कागद नसला तरी माणसं आहेत, काही तरी. गिरगावात माझ्या ओळखीचे एक ऱ्हिदमवाले आहेत, सत्तर-ऐंशीच्या दशकात तारदेवच्या, महालक्ष्मीच्या स्टुडिओंत रोज असायचे. वय झालंय, पण गाणं लावलं की डावा कोणाचा, डफ कोणाचा हे पटापट सांगतात. नाव इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. रविवारी सकाळी जातोय. गाण्यांची यादी आणि आवाज मुद्रित करायला काहीतरी घेऊन कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्या फोनवर ते नीट होत नाही.

---

खटारा१२००

काका, व्यनि केलाय. रेकॉर्डर आणि माइक माझ्याकडे आहे. 'ज्योति'ची एलपी कुणाकडे आहे का? कव्हर नसलं तरी चालेल.

---

तबकडीखोर

माझ्याकडे आहे, पहिल्या बाजूला ओरखडा आहे पण ते गाणं वाजतं. मीही येतो. कलमबहाद्दर, नोंद कशी करायची, काय काय विचारायचं ते शनिवारपर्यंत लिहून पाठवाल का?

---

कलमबहाद्दर

पाठवतो. तारीख, स्टुडिओ, बिदागी कुणाकडून आणि कशी मिळायची, एवढं तरी विचाराच. आणि बोलणं मुद्रित करायच्या आधी त्यांची परवानगी घ्या, तीही मुद्रित करा.

---

शंकासुर

गिरगावात नेमकं कुठे? मी ठाकुरद्वारला राहतो. रॅप लावणार नसाल तर येईन म्हणतो.